शिवलेला कान

शिवराज : मावशी, ऐकून तर घ्या. ते गाढव कुणाचंच नाही. कार्टून आहे ते. आम्ही शाळेत होतो तेव्हा टीव्हीवर यायचं.

बानाबाई : गाढवाचं नाय इचारत म्या. त्याच्या कानाचं इचारते.

शिवराज : कानाचं काय?

बानाबाई : कान शिवलेला हाय. कुणी शिवला?

शिवराज : शिवलेला नाही हो, छापलेला आहे. हा घ्या टी-शर्ट, हात लावून बघा. सगळं सपाट.

बानाबाई : हात लावून झाला. तिकडं क्रांती चौकात एका पोराच्या छातीला लावला, तर त्यानं मला ढकललं. येडी समजला. त्याच्या दोस्तानं सांगितलं, उस्मानपुऱ्यात शिवराजच्या दुकानात छापत्यात, जिन्यावर. म्हणून आले.

शिवराज : बरं, आधी बसा. पाणी घ्या. टँकरचंच आहे, पण गाळलेलं आहे.

बानाबाई : दे. औंदाच्या सालात पाण्याला नाय म्हणू नये कुणी.

शिवराज : तुमच्यासोबत कोणी आहे का? खाली कुणाला तरी बसा म्हणालात.

बानाबाई : भारतचा बाप हाय. टपरीपाशी बसलाय. म्हणला, जिना नाय चढवत, तूच बघून ये. आमी कन्नडच्या वरल्या अंगाचे. मेंढरं होती आमची. चारा नाय, पाणी नाय, इकली. आता बायपासला ते मोठं मोठं टॉवर होतंय ना, तिथं पाट्या उचलतो दोघं.

शिवराज : मग तर गाववालेच झालो आपण. माझ्या आजोबांची शेती आहे कन्नडला. मावशी, खरं सांगू? मी घाबरलो होतो. परवा एक काका आले होते, गाढवाच्या हातात बियरची बाटली का छापली म्हणून तासभर झापून गेले. मला वाटलं, तुम्हीपण त्याच्यासाठीच आलात.

बानाबाई : त्याच्या हातात काय का आसंना. हे गाढव हाय तरी कोण? टाय बांधून कुठं चाललंय?

शिवराज : ऑफिसात. मोठ्यांसाठीचं कार्टून होतं ते, लहान पोरांनी बघायचं नाही असं. आम्ही भाऊ-भाऊ आवाज बंद करून बघायचो. गाढव कारकून आहे. साहेब त्याला दिवसभर राबवतो, घरी बायको पिडते, आणि ते बियर पिऊन म्हणतं, बास, उद्या राजीनामा देतो. दुसऱ्या दिवशी परत टाय बांधून हजर. हसून हसून पोट दुखायचं. आता ती बघणारी पोरं तीस-पस्तिशीची झाली, स्वतःच टाय बांधून कामाला जातात. हा शर्ट बघितला की वेडी होतात. जेवढे छापतो तेवढे जातात.

बानाबाई : भारतला ह्यातलं काय ठाव नव्हतं. कन्नडच्या बाजारात जुन्या कापडाचा ढीग लागतो, त्यातनं उचलला त्यानं. म्हणला, आये, बघ, गाढवानं गळ्यात दावं बांधलंय अन् सोताच ओढतंय. लई हसायचा. मेंढरामागं बी त्योच घालायचा, बाजाराला बी त्योच.

शिवराज : भारत म्हणजे तुमचा मुलगा.

बानाबाई : एकुलता. अंबिका धाकली, ती दिली लोणीला. गेल्या दुष्काळात भारत शहरात आला, बिल्डिंगच्या कामाला. आधी फोन यायचा. मंग बंद झाला. त्याचा बाप येऊन बघून गेला, म्हणला, ठेकेदार बदललाय त्यानं, कुणाला पत्ता नाय. हे तिसरं साल. आमी मेंढरं इकली ती चाऱ्यापायी, पण हितंच आलो ते पोरापायी.

शिवराज : पोलिसात दिलंत?

बानाबाई : बाप म्हणतो दिलंय. तू कानाचं सांग.

शिवराज : कानाचं काय सांगू मावशी. कॉम्प्युटरवरून काढलं असेल.

बानाबाई : ही माझी पिशवी बघ. हिची कड बघ. एक लांब, एक आखूड, अन् मंग उलटा फास. घोंगडीची कड अशी शिवत्यात आमच्यात, पण हा फास माझ्या आईचा. दुसऱ्या कुणाला येत नाय. भारतचा शर्ट बाभळीत आडकून फाटला, बरोबर गाढवाच्या कानावर. म्या काळ्या लोकरीनं शिवला. शेवटाला लोकर संपली, म्हणून गाठ मारली अन् शेपूट तसंच सोडलं. आता तुझं गाढव बघ.

शिवराज : हे कानातनं बाहेर आलेलं?

बानाबाई : ते माझं शेपूट हाय.

शिवराज : मला ते कानातले केस वाटले होते.

बानाबाई : माझा टाका हाय, दादा. आख्ख्या शहरात पोरांच्या छातीवर माझा टाका हाय. लांबून कान दिसतो अन् माझे पाय पळत सुटत्यात. जवळ जावं तर वर तोंड दुसऱ्याचंच. बसमध्ये दुसऱ्याचं, भाजीपाशी दुसऱ्याचं. परवा साईटवर इंजिनेर आला, त्याच्या बी छातीवर. म्या पाटी टाकून त्याच्याकडं बघत ऱ्हायले. झोपले तरी कान दिसतो. आता मला भ्या वाटायला लागलंय. कुठं ठेवलायस माझ्या पोराचा शर्ट, सांग.

शिवराज : मावशी, हात सोडा. सांगतो. बसा तुम्ही.

बानाबाई : सांग.

शिवराज : आम्हाला शाई पुसायला चिंध्या लागतात. द्वारकाबाई म्हणून एक भांडेवाली आहे, जुन्या कपड्यांवर भांडी देते. त्यातले घालण्यासारखे कपडे ती बाजारात विकते, बाकीच्यांचा गठ्ठा मला देते. एका गठ्ठ्यात हा शर्ट निघाला. मी लहानपणचं गाढव बघून खूश झालो. जसाच्या तसा उतरवून घेतला. कान शिवलेला बघून मला वाटलं, हीपण त्यातलीच गंमत असेल, कुठंतरी मारामारी करून आलं असेल गाढव. नंतर एक-दोन जण म्हणालेसुद्धा, की मूळ कार्टूनमध्ये कान शिवलेला नव्हता. तोवर लोकांना तोच आवडायला लागला होता. कसंनुसं दिसतं ना ते, बिचारं.

बानाबाई : अन् शर्ट?

शिवराज : टाकला नसेल. थांबा, त्या पिंपात बघतो. वास मारेल हां, रॉकेलचा. हा नाही. हा पण नाही. हा बघा.

बानाबाई : दे इकडं.

शिवराज : शाईनं कडक झालाय पार. मी ह्याच्यानंच पुसायचो, मावशी. मला काय माहीत.

बानाबाई : ह्योच. ह्यो बघ फास. ह्यो बघ. निस्ता रॉकेलचा वास येतोय. त्याचा काय बी नाय ऱ्हायला.

शिवराज : रडू नका ना.

बानाबाई : रडत नाय. अरं, चांगलंच झालं की. तूच म्हणलास ना, भांडेवालीला दिला. म्हंजी भांडं घेतलं त्यानं. एकट्या गड्याला भांडं कशाला लागतंय? साईटवर तर सगळी एका डब्यात खात्यात. भांडं घेतलं म्हंजी घर मांडलं. कुणीतरी केली असंल त्यानं. आमच्यातली नसंल, म्हणून भ्याला असंल सांगायला. येडा कुठला. म्या काय खाणार होते का तिला?

शिवराज : तसंही असेल. असू शकतं.

बानाबाई : ती भांडेवाली कुठं घावंल?

शिवराज : इथंच फिरत असते, मागच्या गल्लीत. फोन लावतो. हॅलो, द्वारकामावशी? शिवराज. कुठं आहात? मग या ना वर पाच मिनिटं. नाही, चिंध्या नकोत, काम आहे. या लवकर.

बानाबाई : येतीय का?

शिवराज : येतेय. तिच्या फार ध्यानात राहतं. कुठल्या घरातून कुठली साडी आली, सगळं सांगते.

बानाबाई : मंग घरबी सांगंल. म्या भारतच्या बापाला वर बोलावू का? नको. आधी पत्ता कळू दे, मंग त्याला एकदमच सांगते. लई वाळलाय तो ह्या तीन सालात. दर रविवारी माझ्यासंग फिरतो. म्या म्हणते, अहो, तो बघा, कान. की माझ्या पुढं पळतो. एक बार बी म्हणला नाय की, बानू, आता बास.

(द्वारकाबाई भांड्यांची पाटी सावरत वर येते.)

द्वारकाबाई : काय शिवराजभाऊ, येवढं काय पेटलंय? पाटी घेऊन तुझा जिना चढायचा म्हणजे माझे गुडघे शिव्या देतात तुला. खाली टपरीपाशी एक फेटेवाला बाबा बसलाय, त्याला म्हणलं, बाबा, जरा हात लाव पाटीला. माझ्याकडं बघितलं अन् तोंडच फिरवून बसला. जमानाच ऱ्हायला नाय.

शिवराज : मावशी, ह्या बानाबाई. हा शर्ट त्यांच्या मुलाचा आहे. तुम्ही मला दिलेल्या गठ्ठ्यातला. आठवतोय का?

द्वारकाबाई : हा? हौ. आठवतो की. गाढववाला. पण भाऊ, हा तर मी तुला पुसायला दिला होता.

शिवराज : पुसलंच. पण आधी छापला.

द्वारकाबाई : छापला म्हणजे?

शिवराज : ते बघा ना, भिंतीवर सगळे टांगलेत. तुम्ही रस्त्यावर बघितले नाहीत का?

द्वारकाबाई : मी बाया बघते, साड्या बघते. पोरांच्या छातीकडं कशाला बघू? अरे बाबा. अरे, हे काय करून बसलास तू. हा कपडा लोकांच्या अंगावर घातलास?

शिवराज : हा नाही, ह्याच्यावरचं चित्र.

द्वारकाबाई : एकच झालं ते.

बानाबाई : बाई, हिकडं बघा माझ्याकडं. माझा भारत कसा होता? तुमच्याकडं आला तव्हा बरा होता का? संगं कुणी बाई होती?

द्वारकाबाई : माय, लई कपडे येतात. कुठं कुठं ध्यानात ठेवू.

शिवराज : आत्ता तर आठवतो म्हणालात.

द्वारकाबाई : तू गप.

बानाबाई : राग नाय माझा त्याच्यावर. फकस्त येवढं सांगा, काय घेतलं त्यानं? पातेलं घेतलं का कढई?

द्वारकाबाई : काय नाय घेतलं.

बानाबाई : पैसं घेतलं मंग?

द्वारकाबाई : पैसेबी नाय, माय. मी मोठं पातेलं काढलं होतं. नको म्हणाले.

शिवराज : फुकट दिला? तुम्हाला कोण फुकट देतं?

द्वारकाबाई : तेच तर. चिंधी दिली तरी बाया वाटीसाठी घासाघीस करतात. आमच्या धंद्यात भांडं न घेता कपडे दिले, की पुढं इचारायचं नसतं. समजून घ्यायचं. मयताचे असतात ते. त्याच्यावर कुणी भांडं घेत नाय, त्या भांड्यात कसं शिजवायचं? अन् मीबी असा कपडा कुणाच्या अंगावर जाऊ देत नाय. कितीबी चांगला असू दे, चिंधीत घालते. म्हणून ह्याला दिला पुसायला. ह्यानं गावभर नेसवला.

बानाबाई : नाय. तुमचं काय तरी चुकतंय. फुकट दिला असंल त्यानं. भारत तसाच हाय, कुणाला बी काय बी देऊन टाकतो.

द्वारकाबाई : पोरानं नाय दिले, माय.

बानाबाई : मंग कुणी?

द्वारकाबाई : बसा खाली. भाऊ, पाणी आण.

बानाबाई : पाणी नको. कुणी दिलं?

द्वारकाबाई : एका म्हाताऱ्यानं. बस स्टँडच्या बाहेर मी पाटी टेकवून बसले होते. तो आला, पिशवी ठेवली, एकेक कपडा घडी करून माझ्यापुढं मांडला. म्हणाला, पोराचे हायेत. बिल्डिंगवरनं पडला. आज सकाळी हितंच अग्नी दिला. मी म्हणलं, बाबा, घरी न्या, आईला बघू तरी द्या. तर म्हणाला, ह्याच्यावर तिच्या हातची शिवण हाय, घरी नेलं की तिला कळंल. ती लेकीकडं गेलीय, लेकीचं बाळंतपण तोंडावर हाय. बाळ होऊ दे, मंग बरी येळ बघून सांगतो.

बानाबाई : अंबिकेचं बाळंतपण.

शिवराज : मावशी.

बानाबाई : म्या तव्हा अंबिकेकडं होते. मेंढराच्या वाड्यावर तो एकटाच होता. फोन त्यालाच आला असंल.

द्वारकाबाई : आज मला बघून तोंड फिरवलं ना, तेव्हा नाय लागला अंदाज. आता लागला. तोच हाय तो, माय. खाली बसलाय.

बानाबाई : कळलं मला. सांगू नको परत.

शिवराज : मी त्यांना वर बोलावू का?

बानाबाई : पाय नको टाकूस जिन्यात. माझं लेकरू जाळून आला अन् मला म्हणला, ठेकेदार बदललाय. मला तोंड बघू दिलं नाय. माझ्या हातचं घोटभर पाणी नाय गेलं त्याच्या तोंडात. दहावं नाय, तेरावं नाय, देवात बसवला नाय. म्हणून त्यो असा भटकतोय. म्हणून ह्याच्या छातीवर बसतो, त्याच्या छातीवर बसतो, अन् माझ्याकडं बघतो. आये, मला घरी ने, म्हणतो. अन् म्या पळते, तर वर तोंड दुसऱ्याचंच.

शिवराज : मावशी, मी आजपासून छापत नाही. गाढव छापायची ही चौकट आत्ता धुऊन टाकतो, तुमच्यासमोर.

बानाबाई : अंगावर गेलेले कुठं माघारी यायचेत. अन् पाणी कशाला नासतोस.

द्वारकाबाई : रडून घे, माय. मोकळं रडून घे. इथं कोण नाय.

बानाबाई : रडायला येईना गं. मला त्याचंच डोस्क्यात येतंय. दर रविवारी म्या म्हणते, चला, पोरगं हुडकू. अन् हा माणूस फेटा बांधतो. पोराला अग्नी दिलेला माणूस माझ्यासंग पोरगं हुडकत फिरतो. लोकाला इचारतो, असं असं पोरगं बघितलं का. उंची सांगतो. हनुवटीवरची खूण सांगतो. कसं काय केलं असंल त्यानं? म्या झोपल्यावर रडत असंल का कुठं? मला दिसला नाय कव्हा. चिडले होते ना आत्ता, गळा धरावा वाटला त्याचा. अन् त्याचं हे सगळं डोळ्यापुढं आलं.

द्वारकाबाई : आता खाली जा अन् सांग त्यांना, कळलं म्हणून. दोघं मिळून पोराचं करून घ्या जे काय करायचं ते. मन मोकळं होईल दोघांचंबी.

बानाबाई : सांगंन.

द्वारकाबाई : आजच सांग.

बानाबाई : आज नको. उन्हातनं चालत आलाय बायपासवरनं. पोटात काय नाय त्याच्या. हितं रस्त्यात बसून कसं सांगायचं, चार लोक बघणार. रात्र तरी नीट निघू दे त्याची. बरी येळ बघून सांगते.

द्वारकाबाई : माय, तोबी असंच म्हणला होता.

बानाबाई : ठाव हाय मला.

शिवराज : मावशी, त्यांनी द्वारकामावशींना वर येताना बघितलंय. त्यांनाही कळलंच असेल ना, की तुम्हाला कळलं.

बानाबाई : कळलं असंल. तरी बी बसलाय ना तिथंच? पळून नाय गेला. बघ बरं खिडकीतनं.

शिवराज : बसलेत. उठून उभे राहिले आता. वर बघतायत.

बानाबाई : शर्ट दे, पिशवीत घालते. तळाला घालते, वर भाकरीचं फडकं ठेवते.

शिवराज : ते विचारतायत खालून, काही लागला का पत्ता. मी काय सांगू?

बानाबाई : म्हण, नाय लागला. बानू येतीय, तवर सावलीला बसा.